मागच्या सीटवरचा हात

चाळिशीत मी स्कूटर शिकले. अलिबागच्या बाजारपेठेतून पहिल्यांदा डबलसीट निघाले तेव्हा मागे सासूबाई होत्या. मी हँडल घट्ट धरून फक्त समोर बघत होते. त्या मात्र मजेत होत्या. ओळखीचं माणूस दिसलं की उजवा हात लांब करून "जयभीम!" म्हणत होत्या, आणि हेल्मेटमुळे मला त्याचा पत्ताच नव्हता.

नाक्यावर मी डावा इंडिकेटर देऊन वळायला लागले, तर डाव्या बाजूनेच एक रिक्षा अंगावर आली. आम्ही दोघांनी करकचून ब्रेक दाबले.

"ताई, हात उजवीकडे दाखवता आणि वळता डावीकडे?" रिक्षावाला ओरडला.

"मी कुठे हात दाखवला?"

"तुम्ही नाही, मागच्या आजींनी."

"मी आमच्या माणसाला जयभीम केला," सासूबाई म्हणाल्या. "तू कशाला मधे घुसलास?"

रिक्षावाल्याला हसू आवरेना. "आजी, माझाही जयभीम. पण हात आता खाली ठेवा."

घरी आल्यावर मी विनवलं, "आई, यापुढे नुसतं तोंडाने म्हणा."

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोर माझ्या कानाशी असा दणदणीत "जयभीम!" झाला, की मी दचकून गाडी जागीच थांबवली. समोरचे गृहस्थ त्यांचे लांबचे भाचे होते. मामी खास आपल्यासाठी थांबली असं वाटून ते धावत आले आणि आम्हाला चहाला घेऊन गेले.

"बघ," सासूबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "तुझे ब्रेक किती चांगले हायत."