हरिचंद्राचा इको

हरिचंद्र भोईर जमैकाला जाऊन आला, तिथून एक इकोचं मशीन आणलं आणि मशीनबरोबर गांजाचं व्यसनही आणलं, असं अर्धं बदलापूर छातीठोक सांगतं. काही जण तर त्याला विमानात बसवून आल्यासारखे बोलतात. खरं एवढंच, की हरिचंद्र नाशिकच्या पुढे कधी गेलेला नाही. मशीन उल्हासनगरचं, सेकंडहँड. "साईं, ले जाओ, रोएगा मगर मरेगा नहीं," असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारलेलं. आणि नशा म्हणाल तर लिमलेटच्या गोळ्यांची. डोळे लाल असतात, कारण जांभूळ गावच्या पाण्याच्या प्लांटवर त्याला रात्रपाळी असते.

तिथे तो वॉल्व्ह सांभाळतो. सुट्टीच्या दिवशी मेव्हण्याच्या, म्हणजे आनंदाच्या बेंजो पार्टीत साऊंड ऑपरेटर. आनंदाचं तत्त्व एकच: "दाजी, शेजारच्या गावातल्या म्हशी उठल्या पाहिजेत, काय समजलं?" बेंजो, कीबोर्ड, बेस गिटार, ढोल, ऑक्टोपॅड, सगळं एकदम आणि सगळं फुल. हरिचंद्र मुकाट्याने बटणं वर ढकलायचा. साऊंडवाल्याला लोक हाक मारतात ती आवाज बंद पडला तरच. इतक्या वर्षांत त्याला "छान वाजलं" असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

मग एका हळदीला घोळ झाला. हळद लावताना धवलारीण बनूबाई धवला, म्हणजे लग्नविधीचं जुनं गाणं गाते, तेवढा वेळ बेंजोवाले नाइलाजाने वाजवायचं थांबतात. तिचं संपत आलं, की तिचा माइक बंद करून बाकीचं सगळं उघडायचं, ही रीत. त्या दिवशी रात्रपाळी करून आलेल्या हरिचंद्राने पेंगेत उलटं केलं. बेंजो बंद, कीबोर्ड बंद; राहिला फक्त ऑक्टोपॅडचा खोल ठोका, बनूबाईचा आवाज आणि त्यावर इको, पूर्ण उघडा. बनूबाईची ओळ मांडवाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. म्हातारी दचकली, मग हसली. "काय रं, मी गायलेलं मनाच परत आयकू येतंय!" पुढची ओळ तिने मुद्दाम थांबून, वाट बघत गायली.

आनंदा धावत आला. "दाजी, झोपलात काय?"

हरिचंद्र झोपेत होता तो तेव्हा जागा झाला. प्लांटवरच्या पाइपांमुळे त्याला हे ठाऊक होतं. एक लाइन हळूहळू बंद करत आणली, की दुसरीतलं पाणी बोलायला लागतं.

पार्टीत बेस गिटार वाजवणारा माझा भाऊ सुयोग त्याला म्हणाला, "मामा, याला डब म्हणतात. रेगे संगीतातला प्रकार. जमैकाचे साऊंडवाले गाणं सोलून काढायचे. ढोल नि बेस ठेवायचे, बाकीचं मधेच आणायचं, मधेच घालवायचं, वर इको."

"साऊंडवाले?" हरिचंद्राने पुन्हा विचारलं. "खुद्द साऊंडवाले?"

असा बारवी धरणाच्या नावाने हरिचंद्र, सुयोग आणि बनूबाई यांचा 'बारवी डब' सुरू झाला. अंबरनाथला सुयोगच्या गच्चीवर तालीम, स्पीकर आनंदाचे. पहिला कार्यक्रम एका बारशाचा. तिथे यजमानांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. दुसरा कॉलेजात, तिथे पोरं शेवटपर्यंत विचारत राहिली, "काका, गाणं कधी चालू होणार?" आनंदाचा संयम संपला. "जांभूळला माझ्या चुलतभावाकडे हळद आहे. तिथे वाजवा. माणसं नाचली तर स्पीकर तुमचे. बसून राहिली तर मशीन उल्हासनगरला परत, काय समजलं?" हरिचंद्र हो म्हणाला. घरी येऊन मात्र त्याने मशीन दोनदा पुसलं. स्वतःचं म्हणावं असं आयुष्यात एवढंच जमलं होतं.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. सुयोगचा बेस आणि ऑक्टोपॅडचा ठोका चालू झाला, बनूबाई गायला लागली, आणि माणसं ढिम्म बसून राहिली. मागून एक जण ओरडला, "ओ ऑपरेटर, वायर लूज आहे काय?" हशा पिकला. आनंदा जनरेटरपाशी हाताची घडी घालून उभा. मी सुयोगची धाकटी बहीण, मिक्सरशेजारी होते. नेहमीच्या सवयीने हुबेहूब आनंदामामांच्या आवाजात म्हटलं, "दाजी, मशीन बांधा, काय समजलं?"

हरिचंद्रमामा हसले नाहीत. "लावतेस पैज? आनंदाच पहिला नाचेल. हरलीस तर दिवाळीपर्यंत त्याची नक्कल बंद."

मी टाळी दिली. आनंदामामा स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचले नव्हते.

हरिचंद्रमामांनी बेस बंद केला. ठोका बंद केला. इकोही. उरला म्हातारीचा कोरडा आवाज. धवल्यात आधी देवांना आवतण जातं, मग घरच्या गेलेल्या माणसांना. एरवी नेमकं तेव्हाच बेंजोवाले तारा जुळवत असतात, त्यामुळे ती नावं कुणालाच ऐकू जात नाहीत. बनूबाईने एकेक नाव घेतलं आणि द्रौपदीवर आली. द्रौपदी म्हणजे आनंदामामांची आई. त्या नावावर हरिचंद्रमामांनी इको उघडला. द्रौपदी... द्रौपदी... नाव मांडवभर फिरलं, दाराशी गेलं, परत आलं. ते विरायच्या आत त्यांनी खालून बेस सोडला.

आनंदामामांची हाताची घडी सुटली. आधी खांदे हलले, मग पाय. डोळे मिटलेले, गालांवर पाणी, आणि नाच इतका संथ, जणू कुणाचा तरी हात धरून चालले आहेत. त्यांच्या मागोमाग बायका उठल्या.

मी पैज हरले. दिवाळी अजून लांब आहे.