तळातले गुलाबी मणी

भट्टीवाल्या मावशींना कारखान्यात सगळे वचकून असत. रसायनांच्या कारखान्यांना लागणारे सिलिका जेलचे पांढरे मणी कोबाल्ट नायट्रेट या क्षाराच्या पाण्यात भिजवायचे, गुलाबी झाले की सुकवायचे आणि ट्रे भरून भट्टीत सरकवायचे, हे त्यांचं एकोणीस वर्षांचं काम. तापला की क्षार फुटतो, तांबूस विषारी धूर निघून जातो आणि मण्यावर कोबाल्टच्या ऑक्साइडचा काळा थर धरतो. धूर पुरता थांबेपर्यंत मावशी कुणाच्या बापाला भट्टीला हात लावू देत नसत. माल पास झाल्याच्या कागदावर सही मात्र कायम साहेबांची. "भाजायचे माझे हात आणि नाव तुमचं!" असं त्या तोंडावर सुनावत. ते त्यांना खरंच लागलं होतं.

मावशी एक दिवस रजेवर काय गेल्या, नव्या साहेबांनी घाईपोटी ट्रे दुप्पट जाड भरायला लावले आणि धूर निघत असतानाच भट्टी बंद करवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माल न्यायला गाडी दारात हजर. साहेबांनी कागद आणि पेन मावशींपुढे धरलं.

"मावशी, आजपासून सही तुमची. मान तुमचाच आहे."

मावशींना आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोला! पण हा मान आजच का उतू चाललाय, हे न कळण्याइतक्या त्या दुधखुळ्या नव्हत्या. हातमोजा चढवून त्यांनी ट्रेच्या तळाशी हात घातला. वरचे मणी काळे कुळकुळीत, खालचे अजून गुलाबी.

"हे काय, साहेब?"

"वरून काळे आहेत ना? तळ कोण उपसून बघतंय?"

"माल घेणाऱ्याकडे ज्याच्या भट्टीत हे पुन्हा तापतील, त्याच्या छातीत जाईल ना उरलेला धूर!"

"सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मावशी म्हणतो म्हणून डोक्यावर बसू नका."

"मावशी घरी. इथं मी भट्टीवाली."

या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार, ही भीती होतीच. पण राग तिच्याहून मोठा होता. मावशींनी कागद ओढला. साहेब हसले. मावशींनी 'पास' खोडून 'नापास' लिहिलं, खाली पूर्ण नावाची ठसठशीत सही ठोकली आणि कागद थेट गाडीवाल्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला, मान हलवली आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेला.

"आता बोला, साहेब," मावशी म्हणाल्या. "घरी जाऊ, की मणी पातळ पसरून पुन्हा भट्टी लावू?"