पोकरमध्ये भिडू नसतो

मुलगा पुण्याहून शेवटची परीक्षा देऊन नाशिकला घरी आला, तेव्हा बापलेकांचं बोलणं बंद होतं. भांडण एकच: शिक्षण झाल्यावर त्याने आमचा गुलाबाचा मळा बघायचा की नोकरी. हे म्हणायचे, "ईचार त्याला, जेवणार हाय का." तो हातभर अंतरावर बसलेला असायचा, तरी मी विचारायचे. माझा नुसता टेलिफोन झाला होता.

दुपारी लाइट गेली की कोणालाच काही उद्योग नसायचा. एकदा त्याने पत्ते काढले आणि म्हणाला, पोकर शिकवतो. मला देवच पावला. आमच्या घरात पत्ते म्हणजे मेंढीकोट, आणि त्यात समोरासमोर बसणारे एकमेकांचे भिडू. मी लगेच सतरंजी टाकली, बापाला लेकासमोर बसवलं आणि मी धाकट्या जाऊसमोर बसले. भिडूशी किती दिवस अबोला धरतील?

"आई, यात भिडू नसतो," तो म्हणाला. "ज्याने त्याने आपलं आपलं खेळायचं."

झालं! माझी हुशारी पहिल्याच मिनिटाला पाण्यात गेली.

प्रत्येकाच्या हातात दोन पानं, पाच पानं मधे सगळ्यांसाठी उघडी. पैशांऐवजी चिंचोके. हातात काही नसलं तरी असल्याचा आव आणायचा, हे तर मला अजिबात जमेना. राजा आला की मी हसायचे आणि जाऊ लगेच पानं टाकून द्यायची. मेंढीकोटात सगळा जीव दहाच्या पानांत. इथे दहाला कोणी विचारत नव्हतं.

पाचव्या दिवशी माझ्या हातात दहाची दोन पानं आली, तिसरं मधे उघडलं. जाऊने डाव सोडला होता. मुलाने चिंचोके वाढवले, यांनीही वाढवले. दोघं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट बघत होते. म्हटलं, आपण कशाला मधे? मी पानं पालथी टाकली. मग मुलाने आपला सगळा ढीग पुढे लोटला. हे बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. फूलबाजारात चेहऱ्यावरून गिऱ्हाईक ओळखणारा माणूस, पण घरच्या पोराचं काही कळेना. शेवटी त्यांनीही पानं टाकली.

"ईचार त्याला, व्हतं काय."

"डाव सोडल्यावर बघायला मिळत नाही, आई. नियम आहे." त्याने आपली दोन पानं गड्डीत मिसळून टाकली.

मला रडूच आलं. "चुलीत गेले ते पत्ते," मी म्हटलं. "मळ्यावर राहणार हायेस का नाय, तेवढं सांग."

तो गड्डी सारखी करत राहिला. "बंगळूरच्या नोकरीचं पत्र येऊन महिना झालाय, आई."

जाऊ हळूच उठून आत गेली. यांनी मात्र माझ्याकडे न बघता सरळ त्यालाच विचारलं, "कवा निघायचंय?"

तो आल्यापासून मी जिवाचा आटापिटा केला तो या दोघांनी बोलावं म्हणून.

"सोमवारी, आप्पा," तो म्हणाला.