पायाशी उभी राहिलेली बाई

देवी आपलं ऐकते का, हा प्रश्न मला सोलापुरात येऊन पडला. गाव माझं गोंदियाकडचं. शाळा सातवीत सुटली, लग्नानंतर इथं टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला लागले. यंदा चालता चालता दोनदा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड झालाय. त्यात वण किती आहेत ते एमआरआयमध्ये दिसेल, जास्त निघाले तर छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवावं लागेल. नवरा ट्रकवर, परराज्यात. तपासणीला एकटीच गेले.

तिथं मंगळवेढ्याची एक म्हातारी होती, माझ्याच दुखण्याची. सोबत दोन लेक, दोन सुना. एक सून पाय दाबतेय, दुसरी वेणी घालतेय. खरं सांगते, माझ्या पोटात असं दुखलं, की देवीला मनात म्हटलं, हिला सगळं दिलंस आणि मला नुसतं दुखणं. तिनं भाकरी पुढं केली तर उपवास आहे म्हणून खोटंच सांगितलं. ती म्हणाली, "व्हय? मग पाणी तरी पी की."

तिची तपासणी आधी झाली, काही त्रास न होता. त्याचाही मला राग आला. माझी पाळी आली तर त्या नळकांड्यात सूचना आली की श्वास रोखायचा, तो मला रोखताच येईना. फोटो हलत होते. तपासणी करणारी मुलगी म्हणाली, आज जमलं नाही तर पुन्हा तारीख घ्यावी लागेल. मला रडू फुटलं.

म्हातारी अजून दवाखान्याच्या झग्यातच होती, अंगावर धातूचा मणीही नव्हता. तपासणीच्या मुलीला विचारून ती आत आली आणि तिनं माझे दोन्ही पाय धरले. माझ्या आजीच्या वयाची बाई. मी पाय ओढून घेतले.

"ऱ्हाऊ दे गं. आधी समदा श्वास सोड, मग थांब. मी हाय की हितं."

सूचना आली की ती पाय दाबायची, मी थांबायचे. सैल सोडायची, मी श्वास घ्यायचे. पुढचा एकही फोटो हलला नाही.

अहवाल घ्यायला आम्ही एकाच दिवशी आलो. माझे वण थोडे निघाले, गोळ्यांवर भागलं. तिचे बरेच होते. यंत्र बसवायचं ठरलं. ऐकून आधी मला बरं वाटलं, मग तिच्याकडं बघवेना.

ती देवी होती असं मी म्हणत नाही. पण हेव्यानं आवळून धरलेला जीव दुसऱ्याच्या हाती दिला तेव्हाच थाऱ्यावर आला, एवढं मला कळलं. आता रोज देवीपुढं आधी तिच्या छातीसाठी मागते, मग माझ्यासाठी. कधी सवयीनं माझंच आधी तोंडात येतं. मग पुन्हा पहिल्यापासून मागते.