बोरटोल्याच्या शिवेवर कमलमामी

आमची कमलमामी गेल्या महिन्यात सौंसरले वारली. तेरवीले लोक आले. कोणी म्हणे साधी होती, कोणी म्हणे गरीब होती बिचारी. खरं सांगाचं तं मामी भित्री होती. पालीले भे, पोस्टातल्या बाबूले भे, गाडीची शिट्टी आयकली का स्टेशनावर खांबाले धरून उभी राहे. अन् तीच भित्री बाई एक दिवस बोरटोल्याच्या शिवेवर जाऊन बसली.

शहाऐंशी सालचा भादवा होता. पोळा होऊन आठ दिवस झालते. वामनमामा ट्रकखाली जाऊन तवा सहा वर्षं झालती, मामी धाकट्या देराच्या, सुधाकरच्या घरी राहे. रामाकोन्याच्या पुढं, नदीपल्याड बोरटोला म्हणून तीस घरांची वस्ती. संत्र्याच्या बगीच्यात मजुरीले जाणारे लोक. तथी हगवण-उलटी लागली. पहिल्या चार दिवसांत चार माणसं गेली. दवाखान्याची जीप निघाली तं चिखलात फसून वापस आली.

सौंसरच्या बायाईनं घरोघरी फिरून सामान जमा केलं. ज्वारी, साखर, मीठ, जुनी लुगडी, दोनशे लिंबं. दवाखान्याच्या नर्सबाईनं मंदिरात सगळ्याईले दाखवलं, उकळलेलं पाणी थंड करून त्यात साखर किती, मीठ किती, लिंबू किती, अन् चमचा-चमचा कसं पाजाचं. मंग तिनं विचारलं, "सामानासंगं कोण जाईल?"

सगळ्या बाया खाली पाहाले लागल्या. मामीचा पदर घसरला, तिनं तो सावराले हात वर केला.

"शाब्बास कमलबाई!" नर्सबाई म्हणे, अन् नाव लिवून टाकलं.

मामीले नाही म्हणाचंही भेव. घरी येऊन सुधाकरले म्हणे, "भाऊजी, माह्यं नाव लिवलं वो त्याईनं."

"तं खोडून घ्या ना."

"कशी खोडू? नर्सबाईनं शाब्बास म्हटलं ना मले!"

सुधाकर हासला अन् दुसऱ्या दिवशी पहाटेच बंडी जुपली.

निघता निघता रजनीबाई, मास्तरीणबाई, धावत आल्या. टोल्यात एक बाई नुकतीच बाळंत झालीती, तिची ओटी. सवाशिणीले नुसतं लुगडं कसं द्याचं, म्हणून हिरवं लुगडं, डझनभर हिरव्या बांगड्या, हळद-कुंकू, नारळ. जागा नव्हती, तं सगळं वरतेच ठेवलं, लिंबाच्या टोपल्यापाशी. संगं झाडझुडीले नवा खराटा अन् नवं सूप. कोणाच्याच ध्यानात आलं नाही का हे काय दिसून राहिलं.

टोल्याच्या शिवेवर मोठ्या चिंचेखाली काटे टाकले होते. त्याच्यामागं पंधरा-वीस माणसं, हातात काठ्या. पुढं गुणवंता नावाचा उंचापुरा माणूस, खांद्यावर कुऱ्हाड.

"बंडी थांबव! तिथंच थांबव!"

सुधाकरनं कासरा ओढला. "अरे बाप्पा, धान्य आणलं, दवाई आणली."

"दवाई? आमी काय आंधळे हावो? हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, सूप, खराटा! सौंसरची मरीमाय लोटून राहिले आमच्या शिवेत!"

तवा मामीले समजलं. तिच्या माहेरीही असंच करत. गावात रोगराई आली का मरीमायचा गाडा करत, त्यात हेच सामान ठेवत, अन् दुसऱ्या गावच्या शिवेत सोडून येत. देवीसंगं रोग जाते म्हणत. अन् त्या गाड्यातल्या वस्तूले कोणी बोट लावत नसे. लावलं का मेला.

एक गोटा आला. बैलाच्या शिंगाले लागला. बैल बिथरला, सुधाकर म्हणे, "वयनी, घट्ट धरा. बंडी फिरवतो. हे मारतील आपल्याले."

मामीलेही वाटे, चला घरी. पण चिंचेच्या बुडापाशी एक बाई बसलीती, मांडीवर दीड वर्षाची पोरगी. पोरीची मान लोंबत होती, डोळे खड्ड्यात गेलते, रडत होती तं पाणी येत नव्हतं. नर्सबाईनं सांगितलं होतं, डोळे असे झाले का लेकराजवळ थोडेच तास राह्यते.

"भाऊजी, थांबा," मामी म्हणे. आवाज असा का सुधाकरलेच आयकू नाही आला. मंग ती उतरलीच खाली.

"हे देवीचं नाही," ती म्हणे. "ओटी आहे. बाळंतिणीची."

"खोटं बोलते!" मांगून एक बुढी वरडली. "हात लावून दाखव मंग!"

मामीनं हिरवं लुगडं उचललं. आपल्या पांढऱ्या पातळावरूनच अंगाले गुंडाळलं. बांगड्या घेतल्या. सहा वर्षांपासून हात उघडे होते. बांगडी चढेना, तिनं दाबली, तं एक फुटून मनगटात घुसली, रगत आलं. तरी तिनं दुसरी चढवली, तिसरी चढवली. सुधाकरनं तोंड फिरवलं.

"अवो, हे तं रांडमुंड बाई हाय!" बुढी म्हणे. "मातेचं लेणं घातलं वो इनं! आता पाहा, इथंच पडते."

अन् खरं सांगाचं तं मामीलेही तेच भेव होतं. सामान ओटीचं, हे तिले माहीत होतं. पण देवीले माहीत असन काय? अन् विधवा बाईनं असं केलेलं तिले चालन काय? पोटात मुरडा आला तं तिले वाटलं, झालं, सुरू झालं.

गुणवंता म्हणे, "बस तिथंच. दिवस कलेपावतर पाहू. काही नाही झालं तं बंडी येऊ देऊ."

"मले पाहा तुमी दिवसभर," मामी म्हणे. "पण त्या पोरीपाशी तेवढा येळ नाही, दादा."

"माह्या पोरीचं नाव काढू नोको!"

तवा समजलं पोरगी त्याचीच होती. मामीनं घरून आणलेल्या कळशीतलं उकळलेलं पाणी गडव्यात काढलं, साखर-मीठ टाकलं, लिंबू पिळलं, अन् पहिले स्वतः सगळ्याईसमोर पिलं. दुसरा गडवा भरून ती काट्यापाशी धरून उभी राहिली. कोणी हाललं नाही.

मंग ती पोरीची माय उठली. मीना तिचं नाव. काट्यातून आरपार आली, पायात काटे घुसले तरी थांबली नाही.

"मीने, वापस ये! मरशील!" गुणवंता वरडला.

"तुमी कुऱ्हाड घेऊन देवीले अडवा," मीना म्हणे. "मी पाणी पाजतो."

पहिला चमचा पोरीनं ओकून टाकला. लोक मांगं सरकले. मामीले वाटलं, आता गोटे येतील. तिनं डोळे मिटून दुसरा चमचा दिला. तिसरा. दिवस डोक्यावर आला, उतरला. सुधाकर बैलाईपाशी बसून होता. मामी चमचा-चमचा पाजत राहिली.

उन्हं कलली तवा पोरीनं मामीच्या मांडीवर मुतलं. हिरवं लुगडं वलं झालं. लेकरू मुतलं का पाणी अंगाले लागलं समजाचं, असं नर्सबाईनं सांगितलं होतं. मामी रडाले लागली, मीनाही.

गुणवंतानं कुऱ्हाडीनं काटे बाजूले लोटले अन् बैलाची येसन धरून बंडी आत नेली. बुढी अखीनही म्हणे, "रातभर पाहा तिले." घराघराच्या दारात बाया गडवे घेऊन उभ्या होत्या, पण जवळ येत नव्हत्या. मामी पहिल्या दारापाशी गेली, आतून कण्हणं आयकू येत होतं. तिनं तथीच बसून लिंबू पिळलं. मनगटाच्या जखमेत रस असा झोंबला का तिच्या तोंडून आई गं निघालं. दारातल्या बाईनं तिचा हात पाह्यला, अन् मंग आपला गडवा पुढं केला.