रावजीमामांचा हिसका

फौजेतून परतलेले मंद्रूपचे रावजीमामा सोलापुरात आमच्या क्लबातल्या रायफली सांभाळायचे. गोळी झाडल्यावर बोल्ट मागे ओढला की काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर उडायला हवी. कुणी हळू ओढला की मामा गरजायचे, "लाजताय कशाला? हिसका द्या की!"

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्यानंतरची पहिली चांदमारी. देशमुख वकिलांनी गोळी झाडली, बोल्ट ओढला, पण पुंगळी आतच. मामांनी वकिलांना फैलावर घेतलं, सळईनं पुंगळी ढकलून काढली आणि स्वतः गोळी झाडून असा हिसका दिला, की त्यांची टोपी पडली. पुंगळी मात्र हलली नाही.

"काडतुसंच भंगार हायती!" मामांनी दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धारल्या.

शेवटी त्यांनी बोल्ट काढून उन्हात धरला. पुंगळीची कड पकडणाऱ्या आकड्यात कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा रुतला होता. खंडेनवमीला रायफलींची पूजा मामांनीच केली होती, अक्षता मूठमूठ उधळून.

सगळे गालातल्या गालात हसत होते. मामांनी दाणा टाचणीनं उकरला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"परसाद हाय," ते डाफरले, "आन् हसणाऱ्याला मिळत न्हाय!"