गावच्या लेकीची गाडी

आमच्या गावच्या लोकांना तक्रार करता येत नाही. म्हणजे एकमेकांची चिक्कार करतील, तलावाच्या पाण्यावरून सकाळपासून दुपारपर्यंत भांडतील, पण कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि भाजीत मीठ नसलं, तरी "मस्त झाली जी" म्हणून दुसऱ्यांदा मागून घेतील. या सवयीचं मला लहानपणापासून कौतुक वाटत आलं होतं. नंतर याच सवयीने मला पार रडकुंडीला आणलं.

मी भंडाऱ्यात एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. आमचा एक संयुक्त प्रकल्प चालू आहे: खेड्यातल्या रस्त्यांवर चालेल अशी, विजेवरची तीनचाकी गाडी. मोटार पुण्याच्या कंपनीची, बॅटरी हैदराबादची, आणि गाड्या गावोगावी चालवून मोजमाप घेण्याचं काम आमच्यासारख्या कॉलेजांकडे. एकेकट्याने केलं असतं तर कितीतरी वर्षं गेली असती, आणि तोवर सगळे डिझेलचा धूर गिळत बसलो असतो. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की कुणी काही लपवायचं नाही, गाडी बिघडली तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बिघडायला हवी. ऐकायला फार छान. प्रत्यक्षात सोमवारच्या मीटिंगमध्ये मोटारवाले बॅटरीवाल्यांकडे बोट दाखवायचे, बॅटरीवाले मोटारवाल्यांकडे, आणि मी मधे बसून दोघांची समजूत काढायची. घरी येऊन मग नवऱ्यावर खेकसायचे.

एक गाडी मी माझ्या माहेरी नेली. आसगावच्या पुढचं आमचं गाव, सगळा धानाचा पट्टा. चालवणार कोण म्हटल्यावर गडीमाणसं हसली. "खेळणं हाये ते," म्हणाली. तेव्हा माझी वहिनी पुढे आली. मोठ्या भावाची बायको, चाळिशी ओलांडलेली, आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेली. "मले शिकवा बाई, मी चालवीन," एवढंच म्हणाली. धानाच्या रोवणीच्या चिखलात वर्षानुवर्षं वाकून तिच्या कमरेचं वाटोळं झालं होतं. सकाळी उठताना ती भिंतीला धरून उठायची, तेही कुणी बघत नाही ना हे पाहून. शिकताना तिने गोठ्याचं कुंपण पाडलं, दादाच्या शिव्या खाल्ल्या, पण शिकली. रोवणीच्या बायांना शेतावर सोडणं, बाजाराच्या दिवशी पवनीला जाणं, कुणाला दवाखान्यात पोचवणं, सगळं ती करू लागली. आमच्या कराराप्रमाणे चाचणीत गाडी पास झाली की ती चालवणाऱ्याच्याच नावावर होणार होती. वहिनीला ते पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी रोवणी सुरू झाली तेव्हा ती चिखलात उतरली नाही.

माझा एक विद्यार्थी दर आठवड्याला वहिनीला फोन करून विचारायचा, "काही तक्रार?" उत्तर ठरलेलं: "काही नाही जी, मस्त चालून राहिली."

बाकी गावांतून सारख्या काही ना काही तक्रारी येत होत्या, आमची गाडी मात्र शहाण्यासारखी वागत होती. मी मिरवायचे. आणि एका सोमवारी पुण्याच्या इंजिनिअरने पडद्यावर आमच्या गाडीचे आकडे लावले आणि म्हणाला, "मॅडम, जरा हे बघा."

गाडीत एक डबी बसवलेली होती. गाडी कुठे आहे, किती वेगाने जाते, किती उंचीवर चढली, मोटार किती करंट ओढते, हे सगळं ती टिपायची. आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रस्ता एकदम उभा चढतो. त्या चढावर आमची गाडी हळूहळू वर जात होती, आणि करंट होता शून्य. एकदा नाही, रोज.

"तुमच्या गावात गाडी मनात आणलं की चढते काय?" तो म्हणाला. सगळे खो खो हसले. बॅटरीवाले म्हणाले डबी खराब आहे. मोटारवाले म्हणाले डबी नाही, तुमची बॅटरी. पुन्हा तेच रामायण. मी कॅमेरा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी न सांगता गावाकडे निघाले.

पाळीच्या बाजूला मोहाचं झाड आहे, त्याच्याआड उभी राहिले. लाज वाटत होती. स्वतःच्याच माहेरी चोरासारखं उभं राहायचं म्हणजे काय! थोड्या वेळाने वहिनीची गाडी आली, मागे रोवणीच्या बाया खच्चून बसलेल्या. चढावर गाडी अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. कुणी ओरडलं नाही, कुणी "काय झालं" म्हटलं नाही. बाया आपल्या खाली उतरल्या, लुगडी खोचली आणि लागल्या ढकलायला. वर पोचल्यावर चिखलाचे पाय झटकले आणि पुन्हा बसल्या. वहिनीने मागे वळून रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं.

मी झाडाआडून बाहेर आले. माझा पारा असा चढला होता की विचारू नका.

"हे काय चाललंय? कधीपासून ढकलताय?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. वहिनीचा चेहरा उतरला. शेवटी त्यातली सगळ्यात म्हातारी, जिने मला कडेवर घेऊन खेळवलंय, ती बोलली. "चिडू नको वं माय. गरम झाली का थांबते थोडी. त्यात काय एवढं?"

"मग सांगितलं काहून नाही? दर आठवड्याला फोन येतो तुम्हाला!"

"अवं, तू गावची लेक. तुही गाडी अडली असं आमी आमच्या तोंडानं सांगावं? तिकडं तुह्या साहेबलोकांत तुही मान खाली जाईल नं!"

मला चीडही आली आणि हसूही आलं. इतक्या बाया चिखलाने माखलेल्या पायांनी रोज माझी अब्रू चढावरून वर ढकलत होत्या, आणि मला पत्ता नव्हता. माझं माहेर मला तेव्हा जितकं आवडलं तितकं कधीच आवडलं नव्हतं. आणि माझं संशोधन तर मातीत गेलंच होतं.

दुपारी घरी वहिनीने चहा ठेवला. मी तिला सगळं सरळ सांगितलं. आता सगळ्यांसमोर गाडी त्या चढावर अडू द्यावी लागेल, न ढकलता. तरच ती का अडते ते कळेल. पण अडली म्हणजे नापास. नापास गाडी परत जाते. बदलून कधी येईल, येईल की नाही, मी सांगू शकत नाही.

"अन् नाही सांगतलं तं?" तिने विचारलं.

"तर पास होईल. तुझ्या नावावर होईल. आणि अशाच गाड्या पुढे दुसऱ्या गावांत जातील."

तिने चहा गाळला. एक कप माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, म्हणेल की बाई, राहू द्या. ती तसं म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही.

"तिकडच्या बायांची तं कोनी लेक नाही गाडीवाली," ती म्हणाली. "त्या कायले ढकलतील? बोलवा तुमच्या लोकांले."

पुण्याचे आले, हैदराबादचे आले. गावाने त्यांना पोहे, चहा, पुन्हा पोहे असं खाऊ घालून जवळजवळ झोपवलंच होतं. मग सगळे पाळीवर गेले. बाया नेहमीसारख्या गाडीत बसल्या. गाडी चढावर आली, अर्ध्यावर थांबली. ऊन मी म्हणत होतं. कुणी हलेना. बाया एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. म्हातारी कासावीस झाली. "मायबाई, हे तं पाहवत नाही," म्हणत तिने एक पाय खाली टाकला.

"खबरदार उतरली तं!" वहिनी पुढून ओरडली. इतक्या मोठ्याने तिला ओरडताना गावाने पहिल्यांदाच ऐकलं. म्हातारीने पाय वर घेतला.

मग मोटारवाला आणि बॅटरीवाला, महिनोन्महिने एकमेकांचं तोंड न बघणारे, दोघेही रस्त्यावर उकिडवे बसले आणि एकाच मीटरमध्ये डोकं घालून बघू लागले. दोष एकट्या कुणाचाच नव्हता. मोटारीला करंट पुरवणारी पेटी बॅटरीला चिकटून बसवली होती. चढावर दोन्ही तापायच्या, एकमेकींना आणखी तापवायच्या आणि पेटी स्वतःला वाचवायला करंट तोडून टाकायची. आपापल्या कारखान्यात दोघांनाही हे कधी दिसलं नसतं. "तुमची मोटार" आणि "तुमची बॅटरी" म्हणणारे ते दोघे पहिल्यांदा "आपलं" म्हणाले. मला नाचावंसं वाटलं.

पुण्याचा इंजिनिअर उठला, गुडघे झटकले आणि अदबीने वहिनीला विचारलं, "ताई, तुम्हीच सांगा. गाडी कशी आहे?"

ओठांवर आलेलं "मस्त हाये जी" तिने गिळलेलं मला दिसलं.

"चढत नाही," ती म्हणाली. मग सुरूच झाली. "पावसात मागून पानी येते. खड्ड्यात शीट कमरेले लागते. हारन कोनाले ऐकू जात नाही." मागून बायाही सुरू झाल्या, एकीचं ऐकून दुसरी, आणि तो बिचारा भराभर लिहून घेऊ लागला. मधेच वहिनी थांबली. "पन चांगली हाये," हळूच म्हणाली. "माही होती म्हणून सांगतो."

संध्याकाळी गाडी न्यायला ट्रक आला. फळ्या लावल्या, पण पेटी उघडून ठेवलेली गाडी जागची हलेना. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "आता तं ढकलू नं, बाई?"

मी मान डोलावली. सगळ्याजणींनी मिळून ती ट्रकात चढवली. मीही हात लावला. दुसऱ्या दिवशी वहिनी कमरेला पट्टा बांधून रोवणीला गेली.

पुढे पेटीची जागा बदलली, हवा खेळायला वाट केली, आणि आता सगळ्या गावांच्या गाड्या तशा नव्याने बनतायत. काम जोरात आहे, पण आमची गाडी अजून आलेली नाही. वहिनीचा दर रविवारी फोन येतो. जेवल्या का, पोरं कशी आहेत, तुमचं डोकं दुखायचं थांबलं का, सगळं विचारते. गाडीचं अवाक्षर काढत नाही. कंबर कशी आहे विचारलं की "मस्त हाये." खरं सांगायचं तर मला रविवारची भीती वाटायला लागली होती.

गेल्या रविवारी मात्र तिने पोराबाळांचं काही विचारलं नाही.

"बाई, काहून एवढा उशीर लावून राहिले तुमचे लोकं?" ती कडाडली. "माही कंबर मोडून राहिली इथं. मले माही गाडी पाहिजे. सांगा त्याइले!"

सोमवारच्या मीटिंगमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी तिचं म्हणणं शब्दाला शब्द, तिच्याच भाषेत आणि तिच्याइतक्याच मोठ्या आवाजात सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.